पलंगाखालचं पोतं

ये, बस. खोली बघायला आलायस ना? वरती आहे, पळून जात नाही. आधी चहा घे, आणि चहा उकळेपर्यंत एक गोष्ट ऐक. त्या खोलीचीच आहे. ती ऐकल्याशिवाय मी कुणाला जिना चढू देत नाही. मनीषा, म्हणजे आमच्या मिसेस, बोलतात, "अहो, भाडेकरू पळवायची छान रीत काढलीत." पळू दे. भीतीची गोष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर ती भीती माझी अजून गेलेली नाही. खोली तुला द्यायची की नाही हे पण माझ्या हातात नाही, पुण्यातल्या एका माणसाच्या हातात आहे. ते कसं, ते ऐक.

मी कमलाकर. शिक्षण सातवी, ती पण गुरुजी दयाळू होते म्हणून. मुंबईत माझगावला गोदीत माल चढवायचो, उतरवायचो. मनीषा परळला नर्स. दोन हजार तीन साली इकडच्या हॉस्पिटलांना नर्सा पाहिजे होत्या, तिची निवड झाली, ती नॉटिंगहॅमला आली. सहा महिन्यांनी मी आलो, तिच्या व्हिसाला लटकून. डिपेंडंट. इंग्लंडात मी शिकलेला पहिला शब्द हा. आणि काम काय मिळालं? परत माल उतरवायचं. तिकडे घामानं भिजायचो, इकडे थंडीनं बोटं जायची, एवढाच फरक.

आमचं गोदाम शहराबाहेर, मोटरवेच्या बाजूला. चीनहून कंटेनर यायचे, चाळीस फुटी. सोफे, गाद्या, उशा, वेताच्या खुर्च्या, छपरापर्यंत ठासून. आम्ही दोघं-तिघं आत शिरून हातानं बाहेर काढायचो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ख्रिसमसचा माल, तेव्हा दिवसाला पाच-पाच. दार उघडलं की लगेच आत घुसायचं, कारण ड्रायव्हर बाहेर घड्याळ बघत उभा.

फोरमन डेरेक. साठीला आलेला, वीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. खाणी बंद पडल्या तसा इकडे आला. इथले लोक सगळ्यांना 'मी डक' बोलतात, म्हणजे माझं बदक, आपण 'काय रे राजा' बोलतो ना, तसं. हा मला रोज बोलायचा, "काय मी डक, आज पण लसूण?"

कारण माझा डबा. चपाती, भाजी आणि सुक्या खोबऱ्याची लसणाची चटणी. मी डबा उघडला की कॅन्टीनमध्ये लोक खिडक्या उघडायचे. नोव्हेंबरात! मला लाज वाटायची, पण चटणी काय सुटली नाही. कंटेनरमध्ये शिरलो की कधी कधी तिथे पण लसणाचा वास यायचा. डेरेक ओरडायचा, "तुझा डबा बाहेर ठेव रे बाबा!" मी स्वतःचे हात हुंगायचो. वाटायचं, आपल्याच हाताचा वास. डोकं दुखायचं त्या दिवशी. वाटायचं, वय झालं.

आता ऋजुता. पुण्याची पोर, एकवीस वर्षांची, इथल्या युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला. वरची छोटी खोली तिला दिलेली. तिचे वडील राजीवराव, पुण्यात बँकेत. ते स्वतः येऊन खोली बघून गेले. दाराला धक्का देऊन बघितला, गादी दाबून बघितली, नळ सोडून बघितला. आणि जाताना माझे दोन्ही हात धरले. "कमलाकरराव, पोरगी तुमच्या घरात ठेवून चाललोय. मला रात्री झोप लागेल असं करा." मी बोललो, "काळजी सोडा." किती सोपं असतं बघ बोलायला.

पोरगी हुशार, आणि तोंडानं तिखट. रात्री जेवताना मी तिला काय काय विचारायचो. एकदा विचारलं, "काय गं, हे कंटेनर येतात भरून, आणि परत जाताना निम्मे रिकामे जातात. जहाजवाल्याला परवडतं कसं?"

"काका, ह्यांच्याकडे त्यांना विकायला तेवढं काही नाही. माल तिकडून इकडे, पैसा इकडून तिकडे. ट्रेड इम्बॅलन्स."

मी बोललो, "आमच्या चाळीत शेजारणीचा डबा रिकामा परत करत नसत. चिमूटभर साखर तरी घालायचे."

ती हसली. "इंग्लंडपण अगदीच रिकामा देत नाही हो. परतीचं भाडं स्वस्त, म्हणून त्यात रद्दी आणि जुनं प्लास्टिक भरून देतं."

"म्हणजे साखरेच्या जागी उष्टं?"

"तुम्ही आमच्या सरांपेक्षा बरं शिकवता, काका."

मग तिनं आणखी एक शिकवलं. बोलली, एक विकतो, एक विकत घेतो, दोघं खूश. पण त्या सौद्याचा त्रास तिसराच भोगतो, ज्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्याला निगेटिव्ह एक्स्टर्नॅलिटी म्हणतात. "उदाहरणार्थ तुमची चटणी. काकूंनी केली, तुम्ही खाल्ली, आणि थंडीत खिडकी उघडून बसला डेरेक." मनीषाला एवढं हसू आलं की ठसका लागला.

आम्ही तिघं एकत्र हसलो ते शेवटचं.

तांदळाच्या ऑफरला भुलून मी दोन पोती आणलेली, एकावर एक फुकट. आमचं किचन म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं आत यायचं नाही. मग एक पोतं ऋजुताच्या पलंगाखाली सरकवलं. ती काही बोलली नाही, पोर गुणी. पडून पडून त्या तांदळात सोंडे झाले. तुझ्या घरी पण आई धान्यात कापडी पुरचुंडी घालत असेल ना? पाऱ्याच्या टिकडीची? आमची घालायची. कडुनिंबाचा पाला, बोरिक पावडर, काय मिळेल ते.

आणि गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी मला कंटेनरमध्ये दोन गाद्यांच्या मधे पुड्या सापडल्या. पापडाएवढ्या, चपट्या, पांढऱ्या कापडाच्या, आत राखाडी पूड. वरती चिनी अक्षरं, लेबल अर्धं फाटलेलं. मला वाटलं, बुटाच्या खोक्यात ओल शोषायला पुडी असते, तसली. नाहीतरी कचऱ्यातच जाणार. तीन उचलल्या, डब्यात घातल्या, घरी आलो आणि रविवारी सकाळी पलंगाखाली आडवा होऊन पोत्यात खुपसल्या. मनीषाला बोललो पण नाही. म्हटलं, सोंडे मरतील तेव्हा ऐट मारू.

सोमवारी ऋजुता बोलली, "काका, माझ्या खोलीत लसणाचा वास येतोय."

मी हसलो. "ह्या घरात लसणाचा वास नाही आला तर मला सांग."

मंगळवारी सकाळी ती तोंड धुऊन आली ती पांढरीफटक. "काका, वास वाढलाय. डोकं फुटतंय." आणि परत मोरीत ओकायला पळाली. मनीषाची त्या आठवड्यात रात्रपाळी, ती तेव्हाच घरी आलेली. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला, बोलली, फ्लू दिसतोय, कॉलेजला जाऊ नकोस, गोळी घे आणि झोप. मी काय केलं सांगू? खोलीत थंडी नको म्हणून तिची खिडकी घट्ट लावली. हीटर वाढवला. आणि तो हीटर सगळ्यात गरम होतो म्हणून माझ्या धुतलेल्या दोन ओल्या जीन्स त्याच्यावर वाळत टाकल्या.

बुधवारी सकाळी दहाचा सुमार. मी कंटेनरमध्ये. गादी ओढली तर खाली आणखी एक पुडी. उचलून खिशात घातली. डेरेक दारातच उभा होता.

"खिशात काय टाकलंस?"

मला वाटलं, चोरी पकडली. "काय नाय. कचरा. तांदळात घालायला."

त्यानं खिशात हात घालून ती पुडी बाहेर काढली, बघितली आणि लांब आवारात फेकली. मग मला कॉलरला धरून कंटेनरच्या बाहेर खेचलं. मी चिडलो. पण वीस वर्षं जमिनीच्या पोटात काम केलेला माणूस, आणि तो स्वतः त्या कंटेनरपासून दहा पावलं मागे सरकला.

"ह्याआधी किती नेल्यास?"

"तीन."

"कुठे आहेत?"

"घरी. तांदळात."

"आत गॅसची पूड आहे, मूर्खा. लाकडातली कीड मारायला तिकडनं निघताना टाकतात. इकडे येईपर्यंत विरायला पाहिजे, दारावर चिठ्ठी पाहिजे, पण चिठ्ठी कोण लावतोय. एखादी पुडी कोरडी राहते. मग तिला ओल लागली की गॅस सुटतो. वास येतो..." आणि तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. "लसणासारखा," बोलला.

मला वाटतं मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही.

डेरेकनं कामाचं काही बघितलं नाही. मला स्वतःच्या गाडीत कोंबलं आणि निघाला. एका हातानं फोनवर अँब्युलन्स आणि बंबवाल्यांना माझा पत्ता सांगत होता. मी घरी फोन लावत होतो. मनीषा रात्रपाळीवरून आली की मोबाईल बंद करते, दार लावून झोपते. खालचा फोन वाजत राहायचा, आणि मग मशीन लागायचं. मशीनवर आवाज ऋजुताचा. तिचं इंग्लिश चांगलं म्हणून आम्ही तिच्याकडनं बोलून घेतलेलं. "सॉरी, आम्ही आत्ता फोन घेऊ शकत नाही." पाच वेळा लावला. पाच वेळा ती मला हेच बोलली, हसत हसत. सहाव्यांदा लावायची छाती झाली नाही.

सिग्नल लाल. एक बाई बाबागाडी घेऊन सावकाश रस्ता ओलांडतेय. मी मनातल्या मनात हिशोब लावतोय, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. ओल्या जीन्स. बंद खिडकी. आणि राजीवरावांचे हात.

पोचलो तेव्हा बंब आलेला नव्हता. मी दाराकडे धावलो तर डेरेकनं मागून मिठी मारून धरलं. "थांब! खाणीत एक पडतो, दुसरा त्याला आणायला धावतो, आणि बाहेर दोन मढी काढावी लागतात. मी काढलीत. आधी हवा." त्यानं बागेतली वीट उचलली आणि वरच्या छोट्या खोलीच्या खिडकीवर मारली. पहिली चुकली, भिंतीला लागली. दुसरीनं काच गेली. मग मला बोलला, "श्वास भरून घे, आणि आत घेऊ नकोस. नाही सापडली तर परत ये."

तेरा पायऱ्या आहेत त्या जिन्याला. मला पाठ आहेत.

दार उघडेना. ढकललं तर आतून काहीतरी जड. ती दाराशीच पडलेली, उठून बाहेर यायला निघाली असणार. फटीतून हात घालून सरकवली, काखेत धरली आणि ओढत खाली आणली. तिच्या टाचा एकेका पायरीवर आपटत होत्या. तो आवाज, सांगतो तुला, मी अजून जिना उतरताना ऐकतो. ओठ निळे. मी वरच्या बंद दाराकडे तोंड करून ओरडलो, "मनीषा! बाहेर ये! मनीषा!" आणि एक क्षण आतून काहीच आलं नाही. त्या क्षणाबद्दल मला विचारू नकोस.

मग ती आली. गाऊनवर, अनवाणी, डोकं धरून. पोरीला बघितलं, आणि नर्स जागी झाली. रस्त्यावर गारठ्यात गुडघ्यावर बसून तिची नाडी बघायला लागली. "अहो, काय झालं? काय केलंत तुम्ही?" तिनं मलाच का विचारलं कुणास ठाऊक. बरोबर माणसाला विचारलं.

बंबवाले आले, ते पोतं पुड्यांसकट घेऊन गेले, आणि अँब्युलन्स पोरीला. हॉस्पिटलात मी डॉक्टरला सगळं सांगितलं. माझ्या इंग्लिशचं डेरेक त्यांच्या इंग्लिशमध्ये करून देत होता. डॉक्टर बोलला, ह्या गॅसवर उतारा नाही. हृदयावर बसतो. हृदय धरून ठेवायचं आणि वाट बघायची. दोन दिवस तिच्या उशाशी लावलेल्या टीव्हीवरची हिरवी रेघ वेडीवाकडी उड्या मारत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. मला देवाचं नाव पण धड घेता येईना. माझ्या डोक्यात एकच. तिकडच्या त्या कारखानदारानं स्वस्तात त्याची कीड मारली, गॅस आला माझ्या नाकात, म्हणून मी त्याला आईबहिणीवरून शिव्या घालत होतो. आणि मी काय केलं? फुकटात माझे सोंडे मारले, आणि गॅस कुणाच्या नाकात? त्या पोरीला कुणी विचारलेलं? पोतं पण तिच्या पलंगाखाली सारलं, ते तरी विचारून?

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. मी हात जोडले, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बोलली, "काका, बाबांना सांगू नका."

"का गं?"

"ते पोलिसात जातील. काकूंची नोकरी, तुमचा व्हिसा, सगळं अडकेल. डॉक्टर मला विचारल्याशिवाय बाबांना काही सांगणार नाहीत. मी सांगते व्हायरल झालं, हृदयाला सूज आली. होतं तसं."

मी "बरं" बोललो. किती लवकर बोललो, बघ.

राजीवराव विमानानं आले. आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "तुम्ही वेळेवर धावलात म्हणून माझी मुलगी वाचली." माझ्या अंगावर कुणी उकळतं पाणी ओतलं असतं तरी चाललं असतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांना वाटलं, साधा माणूस आहे.

गोदामात आता साहेब लोक येऊन गेले. गॅस मोजायचं यंत्र आलं, दार उघडून तासभर थांबल्याशिवाय आत पाऊल नाही. डेरेकनं मालकाशी भांडून करून घेतलं ते. तो विषय मिटला. पोरीचा नाही मिटला.

राजीवराव तिला ख्रिसमसला पुण्याला घेऊन गेले. आता फेब्रुवारी संपत आला. पुण्याचे डॉक्टर बोलतात, हृदय एकदम ठीक आहे. पण बाप ऐकत नाही. त्याच्या डोक्यात बसलंय की पोरीचं हृदयच नाजूक, एकदा उगाच झालं तसं पुन्हा उगाच होईल, आणि तेव्हा परदेशात कोण असेल. युनिव्हर्सिटीनं ईस्टरपर्यंत मुदत दिलीय. त्यानंतर वर्ष गेलं. परवा तिचा फोन आला. आवाज बारीक. "बाबा पाठवत नाहीत, काका. घरात धाकट्या भावाला पण सांगितलंय, ताईला जिना चढू देऊ नको." मी बोललो, खरं सांगून टाक. तर बोलली, "नको. तुम्ही तिकडे नीट राहा."

एकवीस वर्षांची पोर, आणि माझं ओझं डोक्यावर घेऊन घरात बसलीय.

मी पुण्याला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा राजीवरावांचा "हॅलो" ऐकला आणि ठेवून दिला. मनीषाला बोललो, तू सांग ना. तिनं भांडी घासता घासता मान पण वळवली नाही. "पुड्या मी आणल्या नव्हत्या. माझी नोकरी जायची तर जाऊ दे, पण सांगायचं तुम्ही." कागदावर लिहायला बसलो तर माझं मराठी म्हणजे बाजाराची यादी. चार कागद फाडले. खरं कारण अक्षर नाही, हे तुला पण कळतंय. भीती वाटते रे. पोलिसांची वाटते, व्हिसाची वाटते, पण सगळ्यात जास्त त्या माणसाची वाटते, ज्यानं माझे हात धरले होते.

राजीवरावांनी पोरीला परत पाठवलं तर खोली तिची, नाहीतर तुझी. तू शिकलेला आहेस, तुझं अक्षर सरळ असेल. तो कागद घे, पेन घे. मी बोलतो तसं लिही, गोड करू नकोस, मधे इंग्लिश घालून पळवाट काढू नकोस. लिही, 'राजीवराव, तुमच्या मुलीच्या हृदयाला काही खोट नाही. पुड्या मी आणल्या. तिच्या पलंगाखाली मी ठेवल्या. तिनं वासाचं दोनदा सांगितलं, आणि मी हसलो.'

हसलो, हे पण लिही. तेवढं गाळू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.